बिऱ्हाड शहरात हलवताय? आधी शाळा बघा, मग खोली

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, मुलांचे निकाल हाती आले, की खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांत रात्रीच्या जेवणानंतर एकच विषय निघतो : "यंदा पोरांना घेऊन पुण्याला जायचे का?" घरधनी दोन-तीन वर्षांपासून तिकडे कंपनीत कामाला असतो. पंधरवड्याने, महिन्याने येतो-जातो. गावची शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. पुढे एस.टी.ने तालुक्याला जायचे तर मुलीला एकटीला कसे पाठवावे, हा आईला घोर. मग शेत वाट्याने द्यावे, म्हाताऱ्या माणसांना धाकट्या भावाजवळ ठेवावे आणि बिऱ्हाड हलवावे, असे ठरत जाते.

पुढे काय होते, तेही तुम्ही पाहिले असेल. गावचाच कोणी भोसरीला किंवा वाघोलीला राहत असतो. त्याच्या शेजारची खोली रिकामी असते. तो म्हणतो, "या, मी आहे." टेम्पोत सामान चढते. जूनचा दुसरा आठवडा उजाडतो आणि मग शाळेचा शोध सुरू होतो. जवळची चांगली शाळा भरलेली असते. उरते ती एक तर लांबची, नाही तर महागाची. मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडले आणि शिक्षणाचीच आबाळ झाली, असा हा उलटा न्याय!

वाचकहो, तुम्हीही याच विचारात असाल, तर एवढा क्रम बदला. आधी मुलांची शाळा ठरवा, मग त्या शाळेपासून पायी जाता येईल अशी खोली शोधा. घरधन्याला कामावर जायला अर्धा तास जास्त लागला तरी चालेल, मुलाला लागता कामा नये. उदाहरणासाठी आपण पुणे आणि पिंपरी-चिंचवड घेऊ, कारण मराठवाड्यातून, सोलापूर-अहिल्यानगरकडून सर्वांत जास्त बिऱ्हाडे तिकडेच वळतात. पण नाशिकला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाणार असलात, तरी यातल्या बहुतेक गोष्टी तुमच्या उपयोगी पडतील.

सगळ्यांनीच जायला हवे का?

पहिला प्रश्न मूल कोणत्या इयत्तेत आहे, हा. पहिली ते सातवीच्या मुलाला नव्या शाळेत रुळायला वेळ मिळतो. राज्य मंडळाच्या मराठी शाळांतून बालभारतीची तीच पुस्तके असतात, मग ती शाळा बीडची असो की पुण्याची. त्यामुळे अभ्यासाचा फारसा खंड पडत नाही.

नववी-दहावीच्या मुलाला मात्र शक्यतो हलवू नका. नववीतून दहावीत जाताना शाळा बदलली, की नवे शिक्षक, नवी मुले आणि डोक्यावर बोर्डाची परीक्षा, असे सगळे एकदम अंगावर येते. त्याची आई आणखी एक वर्ष गावी राहिली किंवा तो आजोबांजवळ राहिला, तरी नुकसान नाही. शिवाय २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत. तेव्हा गावाकडे दहावी झालेल्या मुलालाही पुण्यातल्या कॉलेजसाठी अर्ज भरता येतो. त्यासाठी आधीपासून पुण्यात असण्याची गरज नाही.

दुसरी वाट वसतिगृहाची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, ती बहुजनांच्या पोरांची राहण्या-जेवण्याची सोय करून त्यांना शिकवण्यासाठीच. ती वाट अजून बुजलेली नाही. व्यावसायिक शिक्षणासाठी शहरात राहणाऱ्या अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. घरात एकच मोठा मुलगा शिकायचा असेल, तर त्याच्यापायी सगळा संसार उचलण्याआधी या वाटा चाचपून पाहा. गावी कोणी नसले की विहिरीची मोटार, जनावरे, ई-पीक पाहणीची नोंद या साऱ्यांसाठी दुसऱ्याचे तोंड बघावे लागते, हेही हिशेबात धरा.

आणि जायचे ठरलेच, तर उन्हाळ्यात जा. दिवाळीनंतर, वर्षाच्या मध्यावर हलू नका. हलणे भागच पडले, तर कायदा तुमच्या बाजूला आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून परत पाठवता येत नाही.

शाळा कशी पारखावी?

शहरात शाळांच्या पाट्या पुष्कळ दिसतात. आधी त्यांचे प्रकार समजून घ्या. महानगरपालिकेची शाळा असते, तिथे फी नाही. अनुदानित खासगी शाळा असते, तिथल्या शिक्षकांचा पगार सरकार देते, म्हणून खर्च बेताचा. रयतचे हडपसरचे साधना विद्यालय अशा शाळांपैकीच. या दोन्ही प्रकारांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. तिसरी विनाअनुदानित शाळा. तिचा सारा गाडा फीवर चालतो. पाटी मोठी, गणवेश टाय-बुटांचा, म्हणून शिकवणे चांगले असेलच, असे समजू नका.

माध्यमाचा प्रश्न सर्वांत अवघड. शेजारणीचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो, म्हणून आपल्याही पाचवीतल्या मुलीला एकदम इंग्रजी शाळेत घातले, तर काल वर्गात पहिली येणारी मुलगी आज गप्प बसू लागते. तिला गणित येते, पण प्रश्नच कळत नाही. अशा मुलांसाठी सेमी-इंग्रजी हा मधला मार्ग चांगला. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. पहिलीत जाणाऱ्या मुलाचे वेगळे. त्याला कुठल्याही माध्यमात घाला, पण घरी अभ्यास घेणारे कोणी आहे का, शिकवणीचा खर्च झेपेल का, याचा विचार करून घाला. इंग्रजी शाळेत घातले तरी मराठी सुटत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे केले आहे.

आता प्रत्यक्ष शाळेत जा. सुट्टी असताना जाऊ नका, शाळा भरलेली असताना जा. एका वर्गात मुले किती, ते मोजा. कायद्याचे माप असे आहे : पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक. वर्गात सत्तर डोकी दिसली, तर तुमच्या मुलाकडे कोण बघणार? मुलींचे स्वच्छतागृह कुठे आहे, ते विचारून आईने स्वतः आत जाऊन बघावे. कडी आहे का, पाणी आहे का? वयात येणाऱ्या मुली शाळा का चुकवतात, याचे उत्तर पुष्कळदा तिथेच सापडते.

शाळेचा यू-डायस क्रमांक विचारा. हा अकरा आकडी क्रमांक प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला असतो. शिक्षण खाते अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करते, त्याही पाहा. मान्यता नसलेल्या शाळेत दोन वर्षे फी भरली आणि पुढे दाखल्याचा घोळ झाला, तर भोगायचे मुलाला. "इमारत निधी", "देणगी" म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. प्रवेशासाठी देणगी घेणे आणि मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घेणे, दोन्ही कायद्याने बंद आहे. घेतलेल्या देणगीच्या दहापट दंडाची तरतूद आहे. फी ठरवतानाही २०११ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीची संमती लागते. तेव्हा फीचा छापील तक्ता मागायला संकोच कसला?

आणि एक साधी गोष्ट करा. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर अर्धा तास उभे राहा. मुले कशी बाहेर पडतात, शिक्षक कसे बोलतात, ते दिसते. न्यायला आलेल्या आयांशी दोन शब्द बोला. जे कार्यालयात कोणी सांगणार नाही, ते तिथे कळते.

पंचवीस टक्क्यांच्या जागा

विनाअनुदानित शाळांतल्या पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखीव असतात. त्यांची फी तुम्हाला भरावी लागत नाही. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असावे लागते. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास यांना उत्पन्नाची अट नाही. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, हा प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गाला मिळतो, मधल्या वर्गाला नाही. दोन, अर्ज ऑनलाइन असतो आणि जूनच्या कितीतरी आधी भरावा लागतो. तीन, राहत्या पत्त्यापासून शाळेचे अंतर मोजले जाते, आणि भाडेकरूला पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार द्यावा लागतो. म्हणजे ज्यांचे मूल पुढच्या वर्षी पहिलीत जाणार आहे, त्यांनी खोली या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारासच पक्की केलेली बरी. उन्हाळ्यात निघाल तर ही संधी हुकते.

रोजचे दोन तास कुणाचे?

खोली लांब मिळाली तर काय बिघडले, बस आहे की, असे पुष्कळजण म्हणतात. जरा हिशेब करून पाहू. सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षात किमान २२० दिवस शाळा भरावी लागते आणि किमान १,००० तास शिकवावे लागते. मुलाला जायला एक तास, यायला एक तास लागला, तर वर्षाचे ४४० तास नुसते रस्त्यावर गेले. शाळेत शिकवण्याचे जेवढे तास, त्याच्या जवळजवळ निम्मे! त्या तासांत ते मूल खेळले असते, झोपले असते, आईला हातभार लावला असता.

पैशाचेही तसेच. समजा, लांबची खोली महिन्याला दीड हजाराने स्वस्त पडली आणि दोन मुलांच्या व्हॅनचे महिन्याला दोन हजार गेले, तर स्वस्त ती महाग झाली. शिवाय शाळा पायी जाण्याजोगी असली, की आजारी मुलाला आणायला आई दहा मिनिटांत पोहोचते, पालकसभेला जाते, बाईंशी ओळख होते.

पायी अंतर मोजताना नकाशावर मोजू नका, मुलाला घेऊन चालून बघा. मध्ये नाशिक रस्ता, नगर रस्ता, सोलापूर रस्ता असा मोठा हमरस्ता ओलांडावा लागत असेल, तर एक किलोमीटरही लांबच. खोली आणि शाळा रस्त्याच्या एकाच बाजूला असावीत, हे लहान मुलांसाठी पक्के धरा.

वस्ती बघायला घरच्या लक्ष्मीला न्या

खोली बघायला बहुधा पुरुष एकटा जातो, रविवारी दुपारी. पण त्या वस्तीत दिवसभर राहायचे असते घरातल्या बाईला आणि मुलांना. म्हणून तिला बरोबर न्या, आणि एकदा सकाळी सहाला व एकदा रात्री नऊला जा. सकाळी पाण्याची तऱ्हा दिसेल, रात्री रस्त्यावरचे दिवे आणि कोपऱ्यावरची माणसे दिसतील. शिकवणीहून येणारी मुलगी त्याच वाटेने घरी यायची आहे.

पाण्याची चौकशी सर्वांत आधी. घरमालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचे पाणी मिळते, आणि तिथे २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सोडण्याची पद्धत सुरू झाली. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे घेतली गेली. यातल्या पुष्कळ भागांत इमारती आधी उभ्या राहिल्या, नळ मागून येत आहेत. तोवर टँकर आणि बोअर. तेव्हा स्पष्ट विचारा : महापालिकेचा नळ आहे का? किती दिवसांनी, किती वेळ पाणी येते? टँकरचे पैसे भाड्यात धरले आहेत की वेगळे? २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे नावाच्या आजाराची साथ आली, तेव्हा दूषित पाण्यावरच संशय गेला होता. नव्या जागी पाणी उकळून पिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

खोली ओढ्याकाठी किंवा नदीच्या पात्रालगत असेल, तर स्वस्त मिळाली म्हणून भुलू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा घरांत शिरला आणि माणसे दगावली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडले, तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी आले. शेतकऱ्याला जमिनीचा उतार ओळखता येतो. तोच डोळा इथे वापरा. पाणी कुठून येईल आणि कुठे साचेल, ते बघा. भिंतीवर जुन्या पाण्याच्या खुणा दिसतात का, तेही बघा.

त्याशिवाय दवाखाना, अंगणवाडी, मुलांना खेळायला मोकळी जागा, पी.एम.पी.चा थांबा आणि रेशनचे दुकान किती लांब, याची नोंद करा. गावकऱ्यांच्या शेजारी राहण्यात आधार असतो, हे खरे. अडीअडचणीला आपले माणूस लागतेच. पण तेवढ्यासाठी शाळेपासून लांब जाऊ नका. भावकीला रविवारी भेटता येते, शाळेत रोज जावे लागते.

करार कागदावर हवा

शहरात तोंडी शब्दावर खोली घेऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाड्याचा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. "अकरा महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?" असे कोणी म्हटले, तरी ऐकू नका. आपल्या राज्यात अकरा महिन्यांच्या कराराचीही नोंदणी लागते. हाच कागद शाळेला, गॅसला, बँकेला पत्ता म्हणून दाखवता येतो. डिपॉझिट किती, ते परत कधी मिळेल, विजेचा मीटर स्वतंत्र आहे की घरमालक युनिटमागे आपला दर लावतो, हे सारे करारात लिहून घ्या. डिपॉझिट शक्यतो बँकेतून द्या, रोख दिले तर पावती घ्या. एजंट मध्ये असेल, तर त्याची दलाली आधीच ठरवा.

गाव सोडण्यापूर्वी कागद नीट करा

शाळा सोडल्याचा दाखला घेताना मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात हे सर्व अक्षर न् अक्षर तपासा, आणि आधार कार्डाशी ताडून पाहा. चूक असेल तर गावच्या शाळेच्या रजिस्टरात तेव्हाच दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्यावर ही दुरुस्ती फार किचकट होते आणि दहावीच्या फॉर्मच्या वेळी आठवण येते. जातीचा दाखला मूळ गावाच्या हद्दीतल्या प्रांत कार्यालयातूनच मिळतो. तो आधी काढून ठेवा, नाही तर पुढे पुण्याहून रजा काढून हेलपाटे घालावे लागतील. जन्मदाखला, शेवटची गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, लसीकरणाचे कार्ड, मुलांचे बँक पासबुक हे सर्व एका पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी टेम्पोत न टाकता हातात ठेवा. अन्नसुरक्षेचे रेशनकार्ड असेल, तर त्यावरचे धान्य आता शहरातल्या दुकानातूनही अंगठा लावून घेता येते. त्यासाठी घरातल्या सर्वांची नावे आधारशी जोडलेली हवीत.

पहिले तीन महिने

नवी शाळा सुरू झाली, की काम संपले असे समजू नका. गावाकडची बोली ऐकून वर्गातली मुले हसतात. मूल ते घरी सांगत नाही. डबा तसाच परत येऊ लागला, सकाळी पोटात दुखू लागले, खेळायला जाईनासे झाले, तर रागावू नका. वर्गशिक्षकांना भेटा आणि शांतपणे सांगा. "आमची मुलगी खेड्यातून आली आहे, तिला पुढच्या बाकावर बसवा," एवढे सांगायला शिकलेले असावे लागत नाही. मुलाला सांगा की आपली बोली ही काही चूक नव्हे. पुस्तकी भाषा शाळेत शिकायची आणि घरची घरी बोलायची.

गृहिणीचेही तसेच. गावात दार उघडले की दहा माणसे भेटत. इथे दार लोटले की चार भिंती. तिने पहिल्याच महिन्यात शाळेच्या फाटकावरच्या दोन आयांशी, अंगणवाडीच्या ताईशी, खालच्या मजल्यावरच्या आजींशी ओळख करून घ्यावी. बचत गट असेल तर त्यात जावे. आई रमली की मुले रमतात. दिवाळीत आणि उन्हाळ्यात मुलांना गावी न्या. पेरणी-काढणी त्यांच्या नजरेखालून जाऊ द्या, म्हणजे शेत परके होणार नाही.

बैल घेताना आपण दात बघतो, चाल बघतो, चार बाजारांत फिरतो. बियाणे घेताना शेजाऱ्याला विचारतो. मुलांच्या शाळेसाठीही दोन खेपा जास्त घाला. या उन्हाळ्यात निघणार असाल, तर शाळांची चौकशी आजच सुरू करा. येत्या रविवारी पुण्याला जाणारच असाल, तर खोलीवाल्याला सांगा, जरा थांब. मंडळींना बरोबर घ्या आणि मुक्काम करून सोमवारी सकाळी शाळा भरायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभे राहा.